हंगामाच्या रविवारचा भोपळा

डिसेंबर लागला की साताऱ्याच्या मंडईत काशीभोपळ्यांचे ढीग येऊन पडतात. भाजीवाली एखादा मधोमध चिरून दर्शनी ठेवते. तो केशरी गर, तो ओला वास. मी तिथून जरा लांबूनच जाते. आमच्या घरात भोपळा शिजत नाही. घारगे नाहीत, भरीत नाही, काही नाही. सुनेला वाटतं, सासूबाईंनी कुठल्यातरी देवापुढं भोपळा सोडलाय. काशीला जाऊन लोक आवडती भाजी सोडून येतात, तसं काहीतरी. मी काशीला कधी गेलेली नाही हे तिला ठाऊक आहे, तरी ती विचारत नाही. चांगली आहे बिचारी.

पण ऊस काही टाळता येत नाही. नाक्यावरून उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस जात असतात, मागं पाचट उडत असतं, आणि ते पाचट मला एकाहत्तर सालच्या मार्गशीर्षात नेऊन सोडतं. तिथून परत यायला एसटी नाही.

मी मूळची मेढ्याकडची. आमच्याकडं कुठंही उभं राहा, डोंगर दिसतो. डोंगरावरनं कोण उतरतंय, कोण चढतंय, पाहुणा कुणाकडं चाललाय, सगळं घराच्या ओट्यावर बसून कळायचं. लग्न होऊन आष्ट्याला आले आणि दार उघडलं तर समोर ऊस. मागचं दार उघडलं, तिकडंही ऊस. काळ्या मातीतला, पुरुषापेक्षा उंच, गच्च. गाव होतं तसं पाच मिनिटांवर, पण आमचं घर मळ्याच्या तोंडाशी. वारा आला की ऊस सळसळायचा आणि मला वाटायचं, कुणीतरी येतंय. कुणी यायचं नाही. पहिले चार महिने मी नुसती मान वर करून आभाळ बघत असे, कारण मोकळं तेवढंच होतं.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नाव लिहिलं, शालन. नाव छान आहे, माझी तक्रार नाही. पण अठरा वर्षं मी हौसा होते. तीन बहिणींनंतर चौथी मुलगी झाली तरी आजोबांनी हौसेनं ठेवलेलं नाव. ते तांदळाबरोबर कुणीतरी गोळा करून कणगीत टाकलं. सासरी मी शालन, धाकली, सूनबाई, अगं. माझे मालक पलटणीत. लग्नानंतर बाविसाव्या दिवशी सुट्टी संपली आणि ट्रंक उचलून गेले. पत्रं यायची ती मामंजींच्या नावानं. शेवटच्या ओळीत असायचं, 'घरातील सर्वांना यथायोग्य.' त्या 'सर्वां'त मी आहे असं समजून मी ती ओळ वाचायची.

सासूला आमच्यात आत्याबाई म्हणायचं. आत्याबाई वाईट नव्हत्या. हे एवढं वाक्य लिहायला मला पन्नास वर्षं लागली. त्यांची दोन मुलं पाळण्यात गेली होती, राहिला हा एक, आणि तो बंदूक घेऊन कुठल्या कुठं उभा. भीतीनं त्या बाईचा जीव मुठीत असायचा, आणि त्याच मुठीत मग मीही. नळावर एकटीनं जायचं नाही. शेजारी बसायचं नाही. माहेरी पत्र लिहिलं तर मामंजी पत्ता घालणार. मारहाण नाही, उपासमार नाही, ताटात तूप असायचं. अशा घराबद्दल तक्रार तरी काय करायची?

बाहेर पडायला मला सुई मिळाली. गावाच्या दुसऱ्या टोकाला ख्रिस्ती मंडळींचं एक छोटं देऊळ होतं, कौलारू, चुन्यानं पांढरं केलेलं. त्याला लागून एका खोलीत सलोमीबाई शिवण शिकवायच्या. सलोमीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, उंच, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आत्याबाईंनी हिशेब केला, पोरगी शिकली तर घरच्या चोळ्या, परकर घरातच होतील. बुधवार आणि शनिवार, दुपारी दोन ते चार. पाणी तिथलं प्यायचं नाही, एवढी एक अट. कारण त्या मंडळीत जी नऊ घरं होती ती सगळी ज्या आळीतली, त्या आळीतलं पाणी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी प्यालं नव्हतं.

पहिल्या दिवशी सलोमीबाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

मी म्हणाले, "हौसा."

का म्हणाले, देव जाणे. तोंडातून गेलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ये हौसे, हिकडं उजेडाला बस." एवढंच. मी मशीनवर मान घातली आणि डोळे पुसले. दोरा ओवताना सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

रविवारी मी खोटं बोलून गेले. 'रविवारी पण क्लास असतो, काजं-बटणं शिकवतात' असं आत्याबाईंना सांगितलं. काजं-बटणं! अजून हसू येतं. शनिवारी भिंतीपलीकडं त्यांची गाण्याची तालीम चालायची, पेटी, ढोलकी, टाळ. आमच्या गावच्या भजनासारखीच, फक्त नावं वेगळी. ते मला जवळून ऐकायचं होतं. दाराशी चपला काढून उभी राहिले. कुणी 'ये' म्हणालं नाही, कुणी 'का आलीस' म्हणालं नाही. याकोबतात्या नावाचे म्हातारे गवंडी होते, ते नुसते जरा सरकले, आणि जाजमावर एका माणसाची जागा झाली.

त्या मंडळीला कायमचा पाळक नव्हता. सांगलीहून एक पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी त्यांच्यातलंच कुणीतरी उठून बोलायचं, पाळीपाळीनं. याकोबतात्यांची पाळी आली की ते ओळंबा खिशात घेऊन यायचे. "भिंत वाकडी हाय का सरळ, ह्ये भिंतीला इचारून कळत न्हाई," असं म्हणून तो दोरा हातात लोंबता धरायचे, आणि मग पुढं काय बोलायचं ते विसरायचे. सगळे वाट बघायचे. कुणी हसायचं नाही. थोड्या वेळानं ते म्हणायचे, "एवढंच सांगायचं हुतं." आणि बसायचे. जिथं माणसाला विसरायची सवड होती अशी ती मी पाहिलेली पहिली जागा.

प्रत्येकाला एकेक काम होतं. घंटा कुणी वाजवायची, दिव्याच्या काचा कुणी पुसायच्या, गाण्याची पुस्तकं कुणी वाटायची. तिसऱ्या रविवारी सलोमीबाई म्हणाल्या, "हौसे, जाजम अंथरायचं काम तुझ्याकडं." सासरी मी पहाटेपासून कामच करत होते. पण ते सुनेचं काम होतं, कोणतीही सून आणली असती तरी तेच केलं असतं. हे जाजम माझं होतं. लवकर जाऊन ते झटकायचं, कडा सरळ करायच्या, एका कोपऱ्याला उसवलं होतं तो कोपरा भिंतीकडं ठेवायचा. लोक येऊन त्यावर बसले की मला उगीचच ताठ वाटायचं.

आणि चहा. उपासना संपली की पितळी किटलीतून चहा. पहिल्यांदा कप हातात आला तेव्हा मला आत्याबाईंची पाण्याची अट आठवली. समोर याकोबतात्यांची सून रूथ उभी होती, दिवस गेलेली, माझ्याच वयाची. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला सगळं कळत होतं. मी प्यायले. चहा चहासारखाच होता, साखर जरा जास्त.

आता कुंकवाचं सांगायला हवं. त्या बायका कुंकू लावत नसत. नऊ घरांतल्या सगळ्या कपाळांत माझं एकटीचं लाल. मला कुणी काही म्हणालं नाही, हे मी शपथेवर सांगते. उलट सलोमीबाई एकदा आपणहून म्हणाल्या, "कुंकू ऱ्हाऊ दे गं. देवाला कुंकवाचं वावडं न्हाई." पण माणसाला घर मिळतंय असं वाटलं की तो त्या घरातल्यासारखा दिसायला धडपडतो. देवळामागं कडुलिंब होता. त्याच्याआड उभं राहून मी पदराच्या ओल्या टोकानं कपाळ पुसायची, आणि जाताना कमरेला खोचलेली डबी काढून पुन्हा लावायची. येताना हौसा, जाताना शालन. मला ते चोरीसारखं वाटायचं आणि सुट्टीसारखंही.

मग डिसेंबरात लढाई जुंपली.

पानपट्टीवरच्या रेडिओभोवती गर्दी. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळं गावात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पत्र बंद झालं. तारवाला शिपाई सायकलवरून आला की बाया दारं लावून घेत, जणू दार बंद असलं की तार परत जाईल. आत्याबाईंनी एक वेळचं जेवण सोडलं. त्या दिवसभर उंबऱ्यात बसून असायच्या. आणि मी? मला भीती वाटत होती, पण कुणासाठी वाटत होती ते नीट कळत नव्हतं. बावीस दिवसांच्या माणसाचा चेहरा आठवायला गेले की मिशा आठवायच्या, डोळे आठवायचे नाहीत. याची मला फार लाज वाटायची. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, त्यांनाही नाही.

त्याच दिवसांत मंडळीचा हंगामाचा रविवार आला. नाताळाच्या आधी एका रविवारी ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं पहिलं आणायचं. जोंधळ्याची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, नव्या गुळाचा खडा, ज्याला रान नाही त्यानं कोंबडीची अंडी. सगळं पुढं मांडायचं, प्रार्थना व्हायची, आणि मग प्रत्येकानं दुसऱ्या कुणीतरी आणलेलं घरी न्यायचं. आपण आणलेलं आपल्या घरी न्यायचं नाही, असा तिथला नेम.

माझ्या सासरी दोन गुऱ्हाळं चालतील एवढा ऊस होता, पण त्यातलं माझं म्हणून एक कांडं नव्हतं. चोरून गूळ आणायचा माझा धीर होईना. शेवटी शिवणाच्या चिंध्यांतून मी एक झबलं शिवलं. पिवळं, काठाला लाल पट्टी. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं केलेली पहिली वस्तू. ते कणसांच्या शेजारी ठेवताना मला संकोच वाटला, पण सलोमीबाईंनी ते उचलून ढिगाच्या वरच ठेवलं. झबलं रूथनं नेलं. माझ्या वाट्याला आला याकोबतात्यांच्या परड्यातला काशीभोपळा, चांगला दोन पायल्यांच्या घागरीएवढा. तात्या म्हणाले, "झेपंल का हौसे?" मी म्हणाले, "आवं तात्या, न झेपायला काय झालं?" आणि दोन्ही हातांनी तो पोटाशी धरून निघाले.

दोन्ही हातांनी. कडुलिंब मागं पडला. डबी कमरेलाच राहिली. मी इतकी खुशीत होते की पांदीनं चालताना गुणगुणत होते. उसाला तुरे आले होते, पहिल्यांदाच मला तो ऊस बरा दिसला. भोपळा कुठून आणला म्हणून सांगायचं, याचा विचार करत मी अंगणात शिरले. कपाळाचा विचारच नाही.

आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. आधी भोपळा पाहिला नाही, मला पाहिलं नाही, माझं कपाळ पाहिलं.

ती किंकाळी मी आयुष्यात विसरणार नाही. "गेला गं माजा मारुती! गेला!" त्यांना वाटलं, गावात तार आली, मला वाटेतच कळलं, आणि बायांनी तिथंच माझं कुंकू पुसलं. भोपळा माझ्या हातून सुटला आणि अंगणात फुटला. मी ओरडत होते, "न्हाई वो आत्याबाई, न्हाई, तार न्हाई!" पण त्यांनी डोकं उंबऱ्यावर आपटायला सुरुवात केली होती. शेजारच्या बाया धावत आल्या, त्यांनीही माझं कपाळ पाहिलं, आणि गळे काढले. कुणीतरी गुऱ्हाळाकडं पळालं. मामंजी उकळत्या रसाची काहील तशीच सोडून अनवाणी पळत आले. काहील करपली. तो काळा, कडवट गूळ आम्ही वर्षभर खाल्ला.

सगळं शांत व्हायला तास गेला असेल. मग आत्याबाईंनी कपाळावरचं रक्त पदरानं टिपलं आणि अगदी हळू विचारलं, "मग कपाळ उगडं का?"

मी खरं सांगितलं. देऊळ, रविवार, जाजम, चहा. चहाचं ऐकल्यावर बाया एकेक करून उठून गेल्या. आत्याबाई रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या उठल्या, करंडा आणला, आणि अंगठ्यानं माझ्या कपाळावर कुंकू दाबलं, इतकं जोरात की मान मागं गेली. म्हणाल्या, "तो तिकडं मरणाच्या दारात, आन्‌ तू हितं त्येचं कुकू पुसतीस व्हय गं?"

  त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. शिवण बंद झालं, रविवार बंद झाला, त्याचं दुःख नंतरचं. आधी ही भीती बसली, की आता त्यांना काही झालं तर ते मी केलेलं असणार. आत्याबाई उंबऱ्यात आणि मी चुलीपाशी, दोघी एकाच गोष्टीची वाट बघत. लढाई थांबली, रेडिओवर गाणी लागली, लोक पेढे वाटू लागले, तरी पत्र नाही. रोज सकाळी आत्याबाई स्वतः मला कुंकू लावायच्या, बंद्या रुपयाएवढं. मी बसायची आणि डोळे मिटायची. त्यांचा अंगठा खरखरीत होता.

त्या रविवारनंतर चौथ्या का पाचव्या दिवशी सलोमीबाई आल्या होत्या. अंगणाबाहेरच उभ्या राहिल्या. आत या कुणी म्हणालं नाही, पाणी कुणी दिलं नाही. त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "मावशी, पोरीला न्यायला न्हाई आले. एकच इचारायचं हुतं. तुमच्या जवानाचं नाव काय? आमी रोज सांच्याला त्येच्यासाठी बसतोय, पर नाव ठावं न्हाई. हौसा तर काय घ्यायची न्हाई नाव."

नवऱ्याचं नाव मी कशी घेणार? मी दाराआडून बघत होते. आत्याबाईंनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "मारुती." आणि थोड्यानं, "मारुती गणपती."

सलोमीबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बरं," म्हणाल्या, "मारुती गणपती." आणि गेल्या. त्या नऊ घरांत रोज संध्याकाळी डोळे मिटून हे नाव घेतलं जात होतं, याची कल्पना करून मला तेव्हा रडू आलं होतं. आता थोडं हसूही येतं. त्या गेल्यावर आत्याबाईंनी मला हाक मारली. "हौसा कोन गं?"

"मीच. माहेरचं नाव."

"हां," म्हणाल्या, आणि शेंगा फोडायला लागल्या.

ते आले, फेब्रुवारीत, धडधाकट. आत्याबाईंनी गावच्या सगळ्या देवांना नारळ दिले. आणि एक दिवस गुळाची नवी ढेप गड्याच्या डोक्यावर देऊन 'त्या मास्तरीणबाईकडं' पाठवली. गड्याबरोबर, माझ्याबरोबर नाही. मी धीर करून ह्यांना विचारलं, रविवारी जाऊ का म्हणून. ते मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "आईला बरं वाटत न्हाई तर नगं जाऊस." आवाजात राग नव्हता. चांगला माणूस होता. पन्नास वर्षं संसार केला, त्यात मला दुखावणारं ते एवढंच बोलले असतील, आणि तेही प्रेमानं. चांगल्या माणसांनी दार लावलं की ते ठोठावताही येत नाही.

पुढं आम्ही साताऱ्याला बिऱ्हाड केलं. मी शिवणाचे क्लास घेतले, शेकडो पोरी शिकवल्या, पहिल्या दिवशी प्रत्येकीला माहेरचं नाव विचारलं. आत्याबाई शेवटपर्यंत माझ्याकडं बघताना आधी कपाळाकडं बघायच्या, मग तोंडाकडं. त्या गेल्या, आणि तीन वर्षांपूर्वी हेही गेले. तेव्हा बायकांनी माझं कुंकू पुसलं. मला पहिली आठवण झाली ती कडुलिंबाच्या आडोशाची. अशा वेळी असं आठवावं याची लाज वाटली, पण आठवलं.

या वर्षी मी गेले. कुणाला न सांगता सांगलीची एसटी धरली, आष्ट्याला उतरले. ऊस तसाच आहे. देवळाला फरशी बसवलीय, जाजमाच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यात. सलोमीबाई, याकोबतात्या, कुणी नाही. पन्नाशीची एक बाई दारात होती. म्हणाली, "नाव काय मावशी?"

"हौसा."

तिनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या आईकडं एक पिवळं झबलं हुतं. आमी सगळी भावंडं त्यातच वाढलो. ते हौसामावशीनं शिवलंय म्हणायची." रूथची थोरली. तिनं माझा हात धरून पुढं नेलं. मी बसले, डोळे मिटले. देवाबद्दल मला आजही नीट काही सांगता येत नाही. पण तिथल्या सगळ्या बायकांत माझं कपाळ वेगळं दिसत नव्हतं. जे मला तेव्हा हवं होतं ते अगदी तसंच मिळालं, आणि ते कशाच्या बदल्यात मिळालं ते मला ठाऊक होतं.

हंगामाचाच रविवार होता तो, महिनाभर आधी तिथल्या पाळकांना फोन करून, नाव न सांगता, तारीख विचारून घेतली होती. मी माझ्या हातचं दुपटं नेलं होतं. निघताना तिनं माझ्या हातात भोपळा दिला. "झेपंल का?" म्हणाली. अगदी आजोबांसारखं.

एसटीत तो मांडीवर घेऊन बसले. साताऱ्याला रिक्षातून उतरून दोन्ही हातांनी पोटाशी धरून जिना चढले, आणि दाराशी आल्यावर पाय थांबले. वेड्यासारखी मी एका हातानं कमरेशी डबी चाचपत होते. डबी कुठली असायला! घंटी वाजवायच्या आधीच सुनेनं दार उघडलं. तिनं भोपळा पाहिला आणि तिचे डोळेच विस्फारले.

"अगंबाई, आई! भोपळा? तुम्ही?"

हसत हसत तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. माझ्या कपाळाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.